दोन सूत कमी

मी, खाली सही करणारा, या गल्लीतील बुटांच्या दुकानाचा मालक, वय त्र्याहत्तर, धंदा बूट बनवणे आणि इतरांनी बनवलेले दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून, दिवसाच्या उजेडात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात स्थिर आहे. शंका असल्यास कालच शिवलेली टाच कारागिराकडून मागून पाहावी. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. पुतण्याने हा विषय दोनदा काढला, त्याला दबाव म्हणता येणार नाही. त्याचा स्वभावच तसा आहे.

लिहिण्याचे निमित्त असे की, डॉक्टरांच्या मते माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. मी विचारले, शिवता येते का. ते म्हणाले, या वयात त्या भानगडीत पडू नका. जुने बूट घेऊन येणाऱ्यांना मी आयुष्यभर हेच सांगत आलो, त्यामुळे वाद घातला नाही. दुसरेही एक निमित्त आहे, ते कलम सातमध्ये येईल. पुतण्याचे कलम दुसरे आहे, तरी त्याने शेवटपर्यंत वाचावे.

वकिलांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, मोघम लिहायचे नाही. दुसरी, ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केल्यास इथल्या कायद्याप्रमाणे त्याला दिलेले बाद होते. दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवल्या आहेत.

कलम एक. तळमजल्यावरील दुकान, त्यातील आऱ्या, रापी, हातोड्या, लोखंडी ऐरण, शिलाईचे यंत्र आणि शिल्लक चामडे हे सर्व माझ्या कारागिराला द्यावे. तो बावीस वर्षे माझ्याकडे आहे आणि या काळात साधारण बावीस वाक्ये बोलला आहे, त्यातली बहुतेक बरोबर होती. गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी ठोकळे, ज्यांना आम्ही फर्मे म्हणतो, ते भिंतीवर टांगलेले आहेत. जे हयात आहेत त्यांचे जपावेत, जे नाहीत त्यांचे घरच्यांना विचारून द्यावेत. माझ्या वडिलांची पितळी मोजपट्टीही कारागिराकडेच राहील. वडील म्हणत, "माप पायाला विचारायचं, मनाला नाही." कारागिराने हा नियम पाळावा. मी तो एकदाच मोडला. एकदाच म्हणजे दहा जोडांत.

कलम दोन. दुकानावरच्या दोन खोल्या पुतण्याला मिळतील. त्याने भिंतींना हवा तो रंग द्यावा. त्याची आवड मी पाहिली आहे आणि तेव्हा मी नसेन. अट एकच. लाकडी जिन्याला रबर बसवण्याचा त्याचा जुना विचार त्याने सोडून द्यावा. घरात कोण चढते आहे ते दिसण्याआधी कळले पाहिजे.

कलम तीन. माझ्या पत्नीची भांडी आणि लोकरीचे कपडे तिच्या धाकट्या बहिणीला द्यावेत. पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली. तेहतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी कधी खोटे बोलली नाही आणि माझे खोटे तिने कधी उकरून काढले नाही. आम्हाला मूल झाले नाही, त्याचे दुःख तिने माझ्याहून जास्त केले आणि माझ्याहून कमी दाखवले. तिच्यासाठी मी सत्तावीस जोड केले. सगळेच्या सगळे मापात होते. हे लिहून ठेवणे मला जरुरीचे वाटते.

कलम चार. बँकेत जे असेल ते पुतण्याच्या मुलीच्या शिक्षणाला लावावे. घरातली तीच एक अशी आहे की आधी माझी तब्येत विचारते आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबते.

कलम पाच. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यास काहीही देऊ नये. ज्याला काही द्यायचे नाही त्याचा उल्लेख करण्याची गरज नसते, असे वकिलांचे म्हणणे पडले. मला गरज आहे. वरवर आमचे बरे आहे. तो माझ्याकडून टाचा बसवून घेतो, मी त्याच्याकडे हवा भरून घेतो. पण त्रेपन्न वर्षांपूर्वी त्याने काय केले ते मी विसरलेलो नाही, आणि तोही विसरला नसणार. मात्र ज्याला माझ्याकडून काहीच मिळणार नाही असा माझ्या ओळखीत तो एकटाच असल्याने पहिला साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले आहे. दुसरे साक्षीदार औषधांच्या दुकानाचे मालक. ते अकरा वाजता येतो म्हणाले आहेत.

कलम सहा. आमचे दुकान आणि शेजारचे शिंप्याचे दुकान यांना मिळून दारात एकच दगडी पायरी आहे. तिचा डावा अर्धा भाग माझ्या मालकीचा आहे. तो मी शेजारच्या शिंपीकाकांच्या मुलीस देतो. शिंपीकाका जाऊन तीस वर्षे झाली आणि मुलगी आता बहात्तर वर्षांची आहे, पण गल्लीत तिची ओळख अजून तीच आहे.

या पायरीवर आमचे पहिले भांडण झाले. मी आठ वर्षांचा होतो आणि मला ती अजिबात आवडत नसे. तिला पाढे माझ्यापेक्षा पुढचे येत, आणि ती ते न विचारता म्हणून दाखवी. मी पायरीच्या बरोबर मधोमध खडूने रेघ ओढली. तिने ती ओल्या फडक्याने पुसली आणि वडिलांच्या दुकानातल्या खडूने दुसरी ओढली, माझ्या बाजूला चार बोटे सरकवून. तिचा खडू शिंप्याचा असल्यामुळे रेघ सरळ आली, आणि तेवढ्यावरून मोठ्या माणसांनी तिचेच बरोबर ठरवले. ती चार बोटे आजवर परत मिळाली नाहीत. या कलमान्वये मी तो दावा सोडत आहे.

कलम सात. दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात एक खोका आहे. त्यात तपकिरी रंगाच्या, बक्कल असलेल्या बायकी बुटांचा नवा जोड आहे. तोही शिंपीकाकांच्या मुलीस द्यावा, आणि देताना हे कलम तिला सावकाश वाचून दाखवावे. वाचणाऱ्याने मध्ये खाकरू नये.

तिचा डावा पाय जन्मापासून उजव्याहून किंचित आखूड आहे. शिंपीकाका गमतीने म्हणत की, मुलीला बूटवाला शेजारी हवा म्हणूनच त्यांनी हे घर घेतले. डाव्या बुटाच्या तळाला चामड्याचे थर देऊन तेवढी उंची वाढवायची, की चाल सरळ होते. ही उंची आम्ही सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्याला तो सहसा दिसत नाही. पायाला कळतो, आणि कानाला.

आमचे कामाचे टेबल मागच्या खिडकीला लावलेले आहे, उजेडासाठी. बसणाऱ्याची पाठ रस्त्याकडे होते, त्यामुळे रस्ता मला लहानपणापासून फक्त ऐकू येत आला. तिचे एक पाऊल पक्के पडे, एक कच्चे. कोपऱ्यापासून पायरीपर्यंत एकेचाळीस पावले. पाय वाढत असल्याने बूट नेहमी मापाच्या थोडे मागेच राहत, म्हणून तो आवाज कायम असे आणि मी त्याकडे लक्ष देत नसे, म्हणजे तशी माझी समजूत होती.

मी पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी तिचे माप नव्याने घेतले. चारचे सहा सूत झाले. नवा जोड घालून ती गेली आणि आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी ती पाठीमागे येऊन उभी राहिली ते मला कळलेच नाही. तोंडात खिळे होते, एक गिळता गिळता वाचलो. तोंडात खिळे असताना मुलीशी काही बोलता येत नाही. एरवी मला एकेचाळीस पावलांची सवड मिळे: खिळे काढायला, हात पुसायला, केस सारखे करायला आणि आपल्याला काही पडलेले नाही असा चेहरा करायला. त्या आठवड्यात मला दोन गोष्टी कळल्या. एक, मी रोज त्या आवाजाची वाट पाहत होतो. दुसरी, का.

पुढच्या वर्षी वडिलांनी तिचा जोड मला करायला दिला. ते माझे पहिले स्वतंत्र काम. समोर फर्मा होता, कागदावर वडिलांच्या अक्षरात सहा असे लिहिलेले होते. मी चार दिले. हात चुकला नाही, नजर चुकली नाही. पितळी पट्टी लावून, विचार करून, दोन सूत कमी दिले. वडिलांनी तयार जोड हातात घेतला, शिवण पाहिली, बरा आहे म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी उंची मोजली नाही.

आवाज परत आला. पुढे चार वर्षे मी तो ऐकत होतो. या काळात आमच्यात काय बोलणे झाले ते विस्ताराने लिहावे असा मोह होतो, पण विस्तार करायला काही नाही. ती दारात थांबून विचारी, काय करतोयस. मी म्हणे, बूट. एकदा आरी माझ्या बोटात गेली तेव्हा तिने घरातून कापडाची पट्टी आणून बांधली आणि गाठ मारताना माझ्याकडे न बघता म्हणाली की, बोट संपलं तर बूट कोण करणार. ती पट्टी मी आठ दिवस सोडली नाही. बोट पिकले. मी तेव्हा सुखात होतो, हे स्पष्ट लिहितो. तिचेही तसे असावे असे काही दिवशी वाटे आणि काही दिवशी वाटत नसे. त्या वयात आठवड्यातून तीनदा मत बदले आणि प्रत्येक वेळी ते कायमचे असे.

मी वीस वर्षांचा होतो. सायकलच्या दुकानासमोर तीन टवाळ पोरांनी तिच्या चालीची नक्कल केली. मी तिथे उभा होतो. मी हसलो. नक्कल हुबेहूब होती, आणि ती इतकी हुबेहूब जमावी म्हणून लागणारे दोन सूत मीच पुरवले होते, हे मला त्या क्षणी ठाऊक होते. तरी हसलो. ती तिथे नव्हती एवढेच माझे नशीब. त्याच संध्याकाळी ती सायकलवाल्याच्या सायकलवर मागे बसून जाताना मी पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज थांबला. ती मागच्या बोळाने, मागच्या दाराने जाऊ लागली हे उघड होते, आणि कोणासाठी तेही उघड होते. मी विचारले नाही. माझ्या नाकावर तेव्हा माशी बसत नसे. नंतरच्या जोडांसाठी ती स्वतः आलीच नाही. काका येऊन सांगत, फर्मा आहेच, माप तेच. मी चारच देत राहिलो, न जाणो ती कधी पुढून जाईल म्हणून. दोन वर्षांनी तिचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. नवरा सायकलवाला नव्हता याचे मला आश्चर्य वाटले, पण सायकलवाल्यावरचा राग काही कमी झाला नाही. एकदा बसवलेली टाच सहज निघत नाही.

सहा वर्षांपूर्वी, यजमान गेल्यावर, ती वडिलांच्या घरी परत राहायला आली. आठवड्याने दुकानात येऊन म्हणाली, बूट हवेत, जुन्याच मापाचे. या ठिकाणी सुज्ञ माणसाने सहा सूत दिले असते. पण सहा दिले असते तर तिच्या पायाला फरक कळला असता, तिने विचारले असते, आणि मला सांगावे लागले असते. मी चार दिले. वय वर्षे सदुसष्ट. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून आवाज आला, एक पक्का, एक कच्चा, आणि मी तोंडातले खिळे काढले. त्यानंतर आणखी दोन जोड तसेच केले.

दोन महिन्यांपूर्वी ती पायरीवर बसून गुडघा चोळत होती. म्हणाली, डॉक्टर विचारत होते, बुटाची उंची बरोबर आहे ना. मी म्हणालो, बघतो. त्या रात्रीपासून मला झोप नाही. खोक्यातला जोड त्यानंतर केला, पूर्ण सहा सुतांचा. माणसाने प्रेमात काय काय केल्याचे ऐकतो, पण दहा जोडांत, ऐकायची चैन म्हणून, एका माणसाला वाकडे चालायला लावणारा मी एकटाच असेन. तिचा गुडघा माझ्या हातून गेला आहे. मी तिची माफी मागतो. हे शेजारी जाऊन, तोंडाने सांगायला हवे होते. शेजार म्हणजे सात पावले. धीर झाला नाही. मृत्युपत्राचा एवढाच फायदा आहे की ऐकणारा रागावला तर बोलणारा घरी नसतो.

कलम आठ. याशिवाय काही निघाल्यास पुतण्याने आणि कारागिराने आपसात वाटून घ्यावे. वाद झाल्यास कारागिराचे ऐकावे, म्हणजे लवकर संपेल.

पुरवणी. येथपर्यंत मजकूर लिहून झाल्यावर आणि सह्या होण्यापूर्वी जे घडले ते नोंदवणे भाग आहे, कारण त्यामुळे काही कलमे बदलली.

अकरा वाजता सायकलवाला आला. औषधवाले आले नाहीत. त्यांच्या दुकानात गर्दी होती. सायकलवाला म्हणाला, थांब, कोणाला तरी घेऊन येतो, आणि मी कोण ते विचारण्याआधी बाहेर पडला. जवळात जवळचे दार त्याने ठोठावले. ते शेजारचे होते. पावले ऐकूनही मला उठायला सवड मिळाली नाही, कारण ती सातच होती.

मी कागदांवर चामड्याचा तुकडा ठेवला. तिला सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही पाहायची असते. ती म्हणाली, तीस वर्षे कापडाच्या दुकानात उभी होते, न वाचता पावतीवरही सही केली नाही. तिने चामडे बाजूला केले, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून वाचू लागली. सायकलवाला तिच्या मागे उभा राहून वाचत होता. मी खिळ्यांच्या डबीतले खिळे लहानमोठे असे वेगळे करू लागलो. ते आधीच वेगळे होते.

कलम पाचवर सायकलवाला थांबला. आपण काय केले ते आठवेना असे त्याने सांगितले. मी म्हणालो, पुढे वाच. सातवर आल्यावर त्याने वाकून त्याच ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, "अरे, शिंपीकाका तापाने फणफणले होते त्या दिवशी. डॉक्टरांना आणायला नेलं मी तिला. एकदाच. त्रेपन्न वर्षं तू माझ्याकडून हवा भरून घेतोयस आणि मनात हे?" मी म्हणालो, हवेचा आणि याचा संबंध नाही.

तिने कलम सात वाचून संपवले, पान उलटले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. नंतर चष्मा काढला.

"सहा लागतात हे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"मलाही होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी पकडलं. फ्रॉकचा घेर जमिनीपासून सगळीकडून सारखा यायला हवा. तो डावीकडे खाली आला. शिंप्याच्या घरात कोणी मापात खोटं करतं का रे?"

हे सत्तावन्न वर्षांत माझ्या एकदाही ध्यानात आले नव्हते. बूट करणारा माणूस पायाच्या खाली बघतो. पायाच्या वर फ्रॉक असतो, तो शेजारीच शिवला जातो, आणि शिवणारा जमिनीपासून पट्टी लावून मोजतो, हे मी मोजलेच नव्हते.

काका तेव्हा माझ्या वडिलांकडे यायला निघाले होते. तिने त्यांना अडवले. मला ओरडा बसेल म्हणून, असे ती म्हणाली. मग काकांनी कोटाच्या कापडाचे पदर एकावर एक घालून, शिवून, टाचेखाली घालायची एक छोटी गादी केली. जाडी बरोबर दोन सूत. ती झिजली की नवी करत. काका गेल्यावर ती स्वतः करू लागली. एवढे सांगून तिने डावा बूट काढला आणि आतली गादी टेबलावर, माझ्या पट्टीशेजारी ठेवली. मी मोजली नाही. मोजायची गरज नव्हती.

"शाळेत, बाजारात, दुकानात मी आयुष्यभर सरळच चाललेय," ती म्हणाली. "गुडघा तीस वर्षं उभं राहून गेलाय. तुझ्या दोन सुतांनी काही झालेलं नाही. एवढा मोठा समजू नकोस स्वतःला."

हे वाक्य ऐकून मला हलके वाटले. पण हिशेब जुळत नव्हता. मी म्हणालो, मग मला आवाज कसा यायचा.

उत्तर सायकलवाल्याने दिले. ती त्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून रोज एक बूट काढी आणि पुन्हा घाली, हे तो त्या काळी पाहत होता, आणि ती परत आल्यापासून पुन्हा पाहतो आहे. त्याला वाटे, बुटात खडा जातो. एखादीच्या बुटात रोज त्याच जागी खडा कसा जातो, याचा त्याने विचार केला नव्हता. सायकलींत हे होत नाही.

"कोपऱ्यावर गादी काढायचे आणि हातात घ्यायचे," ती म्हणाली. "मग इथून जाताना तुझी मान वर व्हायची. मागून दिसायचं. तेवढ्यासाठी."

मी खिळ्यांची डबी बंद केली. सायकलवाला बाहेर बघू लागला.

"आणि त्या दिवशी मी याच्या दुकानात आत उभी होते. हा सायकल काढत होता. पोरांचं मला काही नाही वाटलं. तू हसलास. मग नाही काढली कधी. जायचे रोज पुढूनच."

म्हणजे दोन वर्षे ती रोज माझ्या पाठीमागून सरळ चालत गेली आणि मी मागच्या बोळाकडे कान लावून बसलो होतो. मी एकदा मान वळवली असती तर दिसली असती. मी तिची माफी मागितली, या वेळी तोंडाने. त्रेपन्न वर्षे उशीर झाला हे मान्य केले. ती म्हणाली की उशीर झालाच आहे, पण कागदावरची माफी जास्त नीट लिहिली आहे, ती राहू दे.

परत आल्यावर पुन्हा का काढू लागलीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "कारागीर म्हणाला, तुला ऐकू कमी येतं. म्हटलं, बघू तरी, काय काय ऐकू येत नाही ते."

यानंतर तिने पेन मागितले. मी तिला वकिलांचे बोलणे सांगितले: सही केल्यास कलम सहा आणि सात दोन्ही बाद होतील, पायरीही जाईल आणि बूटही. ती म्हणाली, पायरीवर मी तशीही बसतेच, आणि तू मेल्यावर मिळालेले बूट घालून मी दाखवू कोणाला. तो खोका आत्ता काढ.

खोका सायकलवाल्याने काढला, माझा हात तिथवर पोचत नाही. तिने दोन्ही बूट घातले, बक्कले लावली आणि दुकानात भिंतीपासून दारापर्यंत चालली. काहीही आवाज आला नाही. मी माझा चांगला कान पुढे केला, तरी आला नाही. ती दारात थांबून म्हणाली, "मापात आहेत."

तेव्हा या मृत्युपत्रात पुढील बदल करत आहे.

कलम पाच रद्द. सायकलवाला साक्षीदार असल्याने त्याला आता काही ठेवता येत नाही, म्हणून दुकानातला रेडिओ आजच त्याच्या हातात दिला आहे. तो म्हणाला की रेडिओ बिघडलेला आहे. तो आधीपासूनच तसा आहे.

कलम सहा रद्द. पायरी दोघांची मिळून राहील, चार बोटांसह.

कलम सात रद्द, जिनसेची पोच झाल्यामुळे. मजकूर तिच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे.

कलम एकमध्ये भर: कामाचे टेबल आज आम्ही तिघांनी मिळून फिरवले. आता बसणाऱ्याचे तोंड रस्त्याकडे होते. उजेड पाठीमागून येतो आणि कामावर सावली पडते, कारागिराची कुरकुर रास्त आहे, पण माझ्या हयातीत टेबल असेच राहील. नवीन बुटांना आवाज नाही, त्यामुळे मला बघावे लागणार आहे.

नवीन कलम नऊ. कोटाच्या कापडाची गादी, एक नग, जाडी दोन सूत. ही सध्या माझ्या ताब्यात आहे. तिने जाताना ती उचलली नाही. माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, आता काही वर्षे तू घाल, कोण येतंय ते मलाही कळू दे. माझे दोन्ही पाय सारखे आहेत, तरी ती मी माझ्या डाव्या बुटात घातली आहे. चालून पाहिले. एक पाऊल पक्के पडते, एक कच्चे. मला शेवटचे नेतील तेव्हाही ती बुटातच असू द्यावी.

येणेप्रमाणे वाचून, खोडाखोड जिथल्या तिथे ठेवून, राजीखुशीने सही करत आहे.

ठिकाण: दुकान, फिरवलेले टेबल.
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारी पाऊण वाजता.

सही: बूटवाला

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा सायकलवाला. सही करणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे. आधी नव्हते. रेडिओ मिळाला.

साक्षीदार दुसरी: शेजारच्या शिंप्याची मुलगी. सगळे वाचले, दोनदा. चार वाजता ये. आवाज करत ये.